धाग्याची दिशा : कपाशीपासून जखमेपर्यंत

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आम्हाला शिकवलेले आणि आज वय विसरून आलेले आमचे सर आणि बाई, माझ्या १९९६च्या दहावीच्या तुकडीतले सोबती, आमच्या आधीचे, नंतरचे सगळे माजी विद्यार्थी, आणि मागे सतरंजीवर बसलेली आजची मुलंमुली,

संयोजकांनी फोनवर मला दोन विषय सुचवले होते. एक, सॉफ्टवेअर क्षेत्रातल्या संधी. दुसरा, कृत्रिम बुद्धिमत्ता. मी म्हटलं, मला कपाशीवर बोलायचंय. पलीकडे जरा वेळ शांतता. मग आवाज आला, "ताई, कपाशीवर इथं रोजच बोलणं होतं. भावाचं काही सांगणार असाल तर बोला." भावाचं मी काही सांगू शकत नाही, ते आधीच सांगून ठेवते. मी सांगणार आहे ते कपाशीच्या धाग्याबद्दल, म्हणजे तो धागा फोडत फोडत अगदी शेवटपर्यंत नेला तर काय हाती लागतं, आणि त्याचा माणसाच्या जखमेशी काय संबंध, याबद्दल.

माझा यात काय संबंध, तेही सांगते. धुळ्याला इंजिनिअरिंग केलं आणि गेली वीसेक वर्षं पुण्यात प्रोग्रॅम लिहिते. आधी बँकांसाठी लिहिले, आता सूक्ष्मदर्शकातून घेतलेले फोटो मोजणारं सॉफ्टवेअर लिहिते. प्रयोगशाळा मला फोटो पाठवतात आणि विचारतात, यातले धागे कुठल्या दिशेला आहेत? तेवढंच विचारतात. हा प्रश्न मला सुरुवातीला फार किरकोळ वाटला होता. आता तो मला झोपेतही पडतो.

दिशेची गोष्ट आपल्याला खरं तर नवीन नाही. जिनिंगमधून रुई बाहेर पडते तेव्हा तिच्यात तंतूंचा नुसता गुंता असतो. ओढली की तुटते, जोर असा काही नाही. ती पिंजली, पेळू केला, ओढून बारीक केला, पीळ दिला, की त्याच रुईचं सूत होतं आणि त्या सुताला बादली बांधून विहिरीत सोडता येईल इतका जोर येतो. मधे काय मिसळलं? काही नाही. तंतू एका दिशेला आणले आणि पिळून धरून ठेवले, इतकंच. आपल्यातल्या सगळ्यात जुन्या तुकड्यांनी शाळेत टकळीवर सूत काढलं असेल, त्यांच्या बोटांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. रुई ते सूत हा सगळा प्रवास म्हणजे गुंत्याला दिशा देण्याचा प्रवास आहे.

आता धाग्याच्या आत जाऊ. कापसाचा एक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवर उगवलेली एकच पेशी. एकच! तीच वाढत वाढत २५ ते ३० मिलिमीटर लांब होते. तिची जाडी मात्र मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी. आधी ती लांबीला वाढते, मग आतून भिंत जाड करत जाते. थरावर थर, जवळजवळ दिवसाला एक. या भिंतीत जे बसतं ते सेल्युलोज, आणि ते गवंड्याने सिमेंट थापावं तसं बसत नाही. सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म दोऱ्या, काही नॅनोमीटर जाडीच्या, तंतूभोवती तिरप्या गुंडाळल्या जातात, दोरखंडाच्या पिळासारख्या. मधेच पिळाची बाजू उलटते, परत सुलटते. बोंड फुटलं, ऊन लागलं, आतला ओलावा गेला, की ती नळी चपटी होऊन फितीसारखी स्वतःभोवती वळते. सुतात तंतू एकमेकांना धरून राहतात त्यात या वळणांचा मोठा वाटा आहे. थोडक्यात, तुमच्या वेचणीच्या झोळीत जे येतं ते कपाशीनं आधीच एकदा कातलेलं असतं, फक्त आपल्याला दिसत नाही इतकं बारीक.

नॅनोमीटर म्हणजे किती, ते मुलांसाठी सांगते. एका मिलिमीटरमध्ये १० लाख नॅनोमीटर. डोक्याचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड. कापसाचा तंतू १५ हजारांच्या आसपास. मी ज्या धाग्यांचे फोटो पाहते ते ५०, १००, फार तर काही शे नॅनोमीटरचे. म्हणजे कापसाच्या एका तंतूच्या जाडीत असे शंभर-दीडशे धागे शेजारी शेजारी मांडता येतील. मागच्या दिवाळीत हा फोटो मोबाइलवर माझ्या मोठ्या काकूला दाखवला. ती शिकलेली नाही, पण आयुष्यभर कापूस वेचलेला आहे. तिने फोटो दूर धरून पाहिला आणि विचारलं, "इतला बारीक दोरा काय कामना वं माय?"

हा प्रश्न मला कुठल्याही परिषदेत कोणी विचारला नव्हता. त्याचं उत्तर मला तिलाच द्यायचं होतं, कारण उत्तर तिच्याच अंगावर होतं.

काकू १९८८ साली स्टोव्हच्या भडक्यात भाजली. आपल्यापैकी कित्येकांच्या घरात किंवा गल्लीत अशी एखादी बाई आहे. मान, छाती, उजवा हात. एका दवाखान्यात दीड महिना होती. आम्हा मुलांना आठवतं ते ड्रेसिंग. दिवसाआड पट्टी बदलायची. सुती जाळीची पट्टी जखमेतलं पाणी शोषते, हा तिचा गुण. पण ते पाणी वाळतं, पट्टी चिकटते, आणि खाली जी नवीन कोवळी कातडी येत असते ती जाळीच्या भोकांत शिरते. पट्टी काढली की तीही निघते. मिठाच्या पाण्याने भिजवून भिजवून काढायचे, तरी काकूचा आवाज जिन्यापर्यंत यायचा. दवाखान्याला मी दोष देत नाही. तेव्हा सगळीकडे तीच पट्टी होती आणि आजही कित्येक ठिकाणी तीच आहे. जगात जखमेवर कापूस ठेवायला लागले त्याला शतकं लोटली, आणि कापूस चिकटतो ही तक्रारही तितकीच जुनी.

या तक्रारीवर मुंबईच्या डॉक्टरांनी शोधलेले दोन उपाय तुम्हाला सांगायलाच हवेत, कारण दुसरा ऐकून जळगावकडचे लोक खूश होतील. मुंबईच्या वाडिया बाल रुग्णालयात डॉ. केसवानी आणि सहकाऱ्यांनी भाजलेल्या मुलांच्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या साली लावल्या. पट्टीवर साली चिकटवायच्या, निर्जंतुक करायच्या, बांधायच्या. साल चिकटत नाही, जखम ओलसर राहते, पोर रडत नाही. मग शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी हेच काम केळीच्या पानावर केलं. २००३ साली त्यांचे निबंध भाजण्यावरच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आले. केळीचं पान मोठं, गुळगुळीत, वरून मेणाचा थर, आणि बटाट्याच्या सालीपेक्षा कितीतरी स्वस्त. ज्या पानावर आपण लग्नात जेवतो त्याच पानाने शीवला भाजलेल्या माणसाची पट्टी न ओरडता निघू लागली. मला या कामाचं फार कौतुक आहे. यंत्र नाही, पेटंट नाही, पण जिथं दुखतं तिथं बरोबर हात घातलाय.

केळीचं पान म्हणजे काय? निसर्गाने केलेला एक पातळ पापुद्रा, सेल्युलोजचा, आणि शिरा सगळ्या समांतर. प्रयोगशाळेत आज जे करायला बघतात त्याचं वर्णन हेच आहे, फक्त मोजमाप हजारपट बारीक : नैसर्गिक पदार्थाचा पातळ पापुद्रा, आणि त्यात एका दिशेने लावलेले नॅनोधागे.

आता दिशा कशाला हवी, चिकटला नाही म्हणजे झालं की, असं कोणी म्हणेल. इथं शंभर वर्षांपूर्वीचा एक प्रयोग सांगते. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात रॉस हॅरिसन नावाचे शास्त्रज्ञ होते. शरीराबाहेर काचेत पेशी वाढवण्याची सुरुवात ज्यांनी केली त्यांपैकी ते एक. त्यांनी बेडकाच्या भ्रूणातल्या पेशी कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांवर सोडल्या. द्रवात मोकळ्या असत्या तर त्या गोल होऊन पडल्या असत्या. धागा मिळाल्यावर त्या धाग्याला धरून लांब झाल्या आणि धाग्याच्या वाटेने सरकू लागल्या. हा निबंध १९१४ सालचा आहे. पुढे पॉल वाइस यांनी या वागण्याचा बराच अभ्यास केला. पेशीला डोळे नसतात, ती चाचपडते. पायाखाली धागा लागला की त्याच्यावरून जाते. शेतात पाणी जसं सरीनं जातं तसं. सरी आडवी पाडा, पाणी आडवं जाईल.

आणि आपलं शरीर आतून अशाच सऱ्यांनी भरलेलं आहे. हाडाला स्नायू बांधणारी शीर घ्या, टाचेच्या वरची हाताला लागते ती. तिच्यात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे सगळे ओढीच्या दिशेला. डोळ्याच्या बुबुळापुढची काचेसारखी पारदर्शक पटलं घ्या. तिथेही कोलॅजनच, धागे ३० नॅनोमीटरच्या आसपास, एका थरात सगळे समांतर, पुढच्या थरात बरेचसे आडवे, असे दोनशेहून जास्त थर. पदार्थ तोच. रचना अशी शिस्तीत असते म्हणून त्यातून दिसतं. शिस्त बिघडली की फूल पडतं. मज्जातंतू तुटला तर तो पुन्हा वाढतो, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मनगटाशी तुटलेला तंतू बोटाच्या टोकापर्यंत जायला सहा महिने घेतो, आणि तेही त्याला वाट सापडली तर. वाट चुकला तर तिथेच गुंडाळून गाठ करून बसतो. म्हणून दोन टोकांमध्ये बारीक नळी बसवतात, आणि त्या नळीच्या आत लांबीच्या दिशेने धागे लावलेला पापुद्रा अंथरला तर मज्जातंतू लवकर पलीकडे जाईल का, यावर जगभर प्राण्यांवर प्रयोग चालू आहेत.

पण दिशा म्हणजे नेहमी चांगलंच, असं समजू नका. मी स्वतः हे उशिरा वाचलं आणि वाचून चमकले. निरोगी कातडीत कोलॅजनचे धागे टोपलीच्या विणीसारखे सगळीकडे जातात, म्हणून ती सगळ्या बाजूंनी ताणली जाते. जखमेच्या व्रणात हेच धागे एका दिशेला लागतात, दाट लागतात, आणि आवळत जातात. काकूचा उजवा कोपर कधीच पूर्ण सरळ झाला नाही. मान डावीकडे वळत नाही. त्या घट्ट झालेल्या कातडीत नेमकी तीच शिस्त आहे जी टाचेच्या शिरेत हवी असते. एकाच शरीरात शिरेला जी रचना तारते, तीच कोपराला बांधून टाकते. म्हणून कातडीसाठी पापुद्रा करणाऱ्याने धागे किती समांतर ठेवायचे, कुठं आडवे टाकायचे, हे ठरवावं लागतं. "आमचे धागे एकदम सरळ" ही जाहिरात वाचली की मी विचारते, कशासाठी सरळ?

हे धागे करतात कसे? दोन मार्ग सांगते, एक फोडण्याचा आणि एक ओढण्याचा.

फोडण्याचा मार्ग आपल्या घराजवळचा आहे. मुंबईत माटुंग्याला कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संशोधन संस्था आहे, सिरकॉट. स्थापना १९२४ची. आपल्या कापसाची लांबी, ताकद, बारीकपणा यांची मोजमापं ज्या संस्थांनी घडवली त्यांतली ही सगळ्यात जुनी. तिथं सरकीवरच्या लवेपासून नॅनोसेल्युलोज करणारा पथदर्शी प्रकल्प आहे. सरकीवरची लव म्हणजे जिनिंग झाल्यावरही सरकीला चिकटून राहते ती मखमल, इंग्रजीत लिंटर. ती सुताला उपयोगी नाही, फार आखूड. पण आहे ती जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. ती धुवायची, रसायनाने किंवा विकराने मऊ करायची, आणि प्रचंड दाबाखाली अरुंद फटीतून पुन्हा पुन्हा काढायची, की तंतूच्या भिंतीतला तो पीळ सुटतो आणि नॅनोदोऱ्या मोकळ्या होतात. जे मिळतं ते दिसायला अगदी साधं : शंभर भागात दोन भाग सेल्युलोज, बाकी पाणी, तरी साबुदाण्याच्या खळीसारखं घट्ट. ते थापून वाळवलं की काचेसारखा पारदर्शक पापुद्रा होतो. नुसता वाळवला तर त्यात धागे सगळीकडे पसरलेले असतात. ओला असताना ताणून वाळवला, किंवा पात्याने एका दिशेला ओढून थापला, तर धागे त्या दिशेला वळतात. शेण सारवताना बोटांच्या रेघा उमटतात ना, तसं.

आणि आपल्याकडे ही लव कुठं जाते? बहुतेक तेलघाण्यांत सरकी लव न काढताच गाळली जाते आणि लव ढेपेत जाते. ढेप म्हशीला. ती वाया जाते असं मात्र म्हणू नका, कारण म्हशीच्या पोटात सेल्युलोज पचवणारे जिवाणू आहेत आणि त्याचंच दूध होतं. माझं शिक्षण त्या दुधावर झालंय.

दुसरा मार्ग ओढण्याचा. सुईतून पदार्थाचं दाट द्रावण थेंबाथेंबाने सोडायचं आणि सुई व समोरच्या पत्र्यात १० ते ३० हजार व्होल्टचा दाब ठेवायचा. म्हणजे आपल्या शेतावरून जाणाऱ्या ११ केव्हीच्या लाइनीच्या तोडीचा दाब, प्रवाह मात्र नगण्य. विजेच्या ओढीने थेंब टोकदार होतो, त्यातून धार सुटते, ती हवेत चाबकासारखी फिरते, फिरताना ताणून बारीक होते, द्रावक उडून जातो, आणि पत्र्यावर नॅनोधागा पडतो. कल्पना जुनी आहे, जर्मनीच्या अँटोन फॉर्महाल्स यांचं पेटंट १९३४ सालचं. पत्रा स्थिर असेल तर धाग्यांचा गुंता पडतो, अगदी रुईसारखा. पत्र्याच्या जागी वेगाने फिरणारा ढोल ठेवला की धागे ढोलावर गुंडाळत एका दिशेला बसतात. हळू फिरवला तर गुंता, फार वेगात फिरवला तर धागा तुटतो. चरख्यावर हात बसायला जितके दिवस लागतात तितकेच इथंही लागतात, असं प्रयोगशाळेतल्या मुलीच सांगतात. सेल्युलोज याला जरा हट्टी आहे. ते वितळत नाही आणि साध्या द्रावणात विरघळत नाही. म्हणून आधी त्याचं सेल्युलोज अॅसिटेट करतात, त्याचा धागा ओढतात, मग अल्कलीत बुडवून परत सेल्युलोज करतात.

आता माझं काम. फोटो येतो, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा, करड्या रंगाचा, धाग्यांनी भरलेला. माणूस बघून सांगतो, "बऱ्यापैकी सरळ आहेत." बऱ्यापैकी म्हणजे किती? सॉफ्टवेअर फोटोतल्या प्रत्येक ठिपक्यापाशी बघतं की उजेडाकडून अंधाराकडे बदल कुठल्या बाजूला सगळ्यात जास्त आहे. धागा त्याच्या काटकोनात. असे लाखो कोन निघतात. त्यांची सरासरी काढायची. आणि इथं प्रत्येक नवीन पोरगा अडखळतो. समजा एक धागा ५ अंशावर आहे आणि दुसरा १७५ अंशावर. डोळ्यांना दोन्ही जवळजवळ एकाच दिशेचे, आडवे. शाळेत शिकवलेली सरासरी काढा : ९०. म्हणजे उभा! दोन आडव्या धाग्यांची सरासरी उभी. कारण धाग्याला डोकं आणि शेपूट नसते, ० अंश आणि १८० अंश त्याच्यासाठी एकच. उपाय गमतीचा आहे. प्रत्येक कोन दुप्पट करा. १० आणि ३५०. हे दोन बाण वर्तुळावर काढा, बाणांची बेरीज करा, ती येते शून्यावर. मग निम्मे करा. शून्य. बरोबर. शिवाय बेरजेच्या बाणाची लांबी बाणांच्या संख्येने भागली की ती आपल्याला शिस्त सांगते. सगळे एका दिशेला असतील तर १, पुरता गुंता असेल तर ०. नववी-दहावीच्या मुलांनी आज घरी कागदावर करून बघा, फक्त कोनमापक लागतो.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट गणिताची नाहीच. एक फोटो म्हणजे पापुद्र्याचा मोहरीच्या दाण्याहून लहान तुकडा. तळहाताएवढ्या पापुद्र्याचे असे हजारो फोटो होतील. निबंधात छापला जातो तो सगळ्यात देखणा. पण पेशी निबंध वाचत नाही. जिथं धागे विस्कटलेत तिथं ती विस्कटून जाते, आणि मज्जातंतूची वाट तिथेच चुकते. म्हणून आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मी एक नियम घातलाय : फोटो कुठं काढायचे ते माणूस ठरवणार नाही, यंत्र ठरवणार, आणि अहवालात सगळ्यात वाईट जागेचा आकडा सरासरीच्या वर छापला जाणार. यावरून आमची बरीच भांडणं झाली. "मॅडम, हे पाहून गुंतवणूकदार पळेल," असं एकजण म्हणाला. पळू दे. त्या पट्टीखाली कोणाची तरी काकू असणार आहे.

मग हे सगळं दुकानात कधी मिळणार? नैसर्गिक पदार्थांच्या पट्ट्या आणि पापुद्रे आजही मिळतात. कोलॅजनचे पापुद्रे भाजलेल्या जखमांवर आपल्याकडच्या दवाखान्यांत वापरले जातात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधनातून रेशमाच्या प्रथिनावर काम करणारी सेरिजेन ही कंपनी उभी राहिली. पण एका दिशेने लावलेल्या नॅनोधाग्यांचा पापुद्रा बहुतांशी अजून प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत आहे. उगाच घाई नको. शरीरात ठेवायची वस्तू आहे, विषारी नाही ना, सूज आणत नाही ना, रक्त गोठवत नाही ना, हे तपासायला वर्षं लागतात आणि लागावीत. शिवाय सेल्युलोजची एक मर्यादा साफ सांगते : माणसाच्या शरीरात ते तोडणारं विकर नाही. म्हशीकडे सोय आहे, आपल्याकडे नाही. त्यामुळे बाहेरच्या जखमेवर, जिथून नंतर काढून घेता येतं, तिथं कपाशी उत्तम. आत, जिथं काम झाल्यावर वस्तूने विरून जायला हवं, तिथं रेशीम, कोलॅजन, जिलेटिन, कोळंबीच्या सालीचं कायटोसान यांची पाळी. आणि बाजारात 'नॅनो' लिहिलेलं मलम, नॅनो पट्टी, नॅनो पाणी दिसलं तर त्यात काय आहे आणि कोणी तपासलंय ते विचारा. नुसत्या शब्दाला पैसे देऊ नका.

भावाचं सांगणार नाही म्हटलं होतं, पण एक हिशेब सांगते, नाहीतर उद्या कोणी म्हणेल की ताईंनी सांगितलं कपाशीला सोन्याचा भाव येणार. पापुद्रा समजा मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका जाड. एक चौरस मीटरला साधारण ३० ग्रॅम सेल्युलोज लागेल. दहा बाय दहा सेंटिमीटरच्या एका पट्टीला जेमतेम पाव-अर्धा ग्रॅम. म्हणजे एका किलोत तीन हजारांहून जास्त पट्ट्या. एक ट्रॉली लव साऱ्या जिल्ह्याला कितीतरी वर्षं पुरेल. तेव्हा यातून शेतकऱ्याचा माल जास्त खपेल, हे खरं नाही. पट्टीची किंमत लवेची नसते. ती दाब, ढोल, तपासणी आणि ते करणाऱ्या हातांची असते. नरडाण्याला औद्योगिक वसाहत आहे, महामार्ग आहे, सुरत-भुसावळ लाइनीवरचं स्टेशन आहे, कच्चा माल पायाशी आहे. नाहीत ते हे करू शकणारे हात. या वसाहतीत उद्या असं एखादं युनिट आलं तर त्याला रसायन, जीवशास्त्र आणि थोडं प्रोग्रॅमिंग येणारी दहा-पंधरा माणसं लागतील. ती पुण्या-मुंबईहून आणायची की मागच्या सतरंजीवरून, एवढाच प्रश्न आहे. इथून बीएस्सी करून नंतर एमपीएससीच्या पाच-सात वर्षांत अडकलेली माझ्या ओळखीची मुलं आहेत. त्यांना हे काम ठाऊकच नाही. माटुंग्याची संस्था विद्यार्थ्यांच्या सहली येऊ देते का, ते शाळेने पत्र लिहून विचारावं. पत्राचा मसुदा मी करून आणलाय, मुख्याध्यापकांकडे देते.

काकूला मी काय उत्तर दिलं? मी म्हटलं, "हा दोरा पट्टीत असता तर पट्टी काढताना तुला दुखलं नसतं, आणि कदाचित कोपर सरळ झाला असता." 'कदाचित' हा शब्द मी मुद्दाम घातला. तिने मोबाइल परत दिला. म्हणाली, दुखलं नसतं तेवढं तरी पुष्कळ होतं.

जेवणानंतर विज्ञानाच्या प्रयोगशाळेत या. शाळेचा जुना सूक्ष्मदर्शक सरांनी पुसून ठेवलाय आणि माझ्या तुकडीने एक नवीन दिलाय. चार काचपट्ट्या लावल्यात : या हंगामातल्या कापसाचा तंतू, सरकीवरची लव, केळीच्या पानाचा पापुद्रा आणि सुती पट्टीचा दोरा. नॅनोधागे यात दिसणार नाहीत, त्यांचे मोठे छापील फोटो भिंतीवर आहेत. पण कापसाच्या तंतूची वळणं स्वच्छ दिसतात. आधी लहान मुलांना बघू द्या, आपण मागे उभे राहू.